तीन दिवसांचा अभ्यास

शर्टाची डावी बाही तीन घड्या करून कोपराच्या वर चढवायची, हात टेबलावर सरळ ठेवायचा, मूठ आवळायची आणि माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणायचं, "घे. अभ्यास झालेला आहे."

सर एरवी आपल्या सगळ्यांसारखंच वऱ्हाडी बोलत. पण हे एक वाक्य ते शुद्ध मराठीत म्हणत, कारण ते कामकाजाचं वाक्य होतं. आणि अभ्यास होता साखरेचा. रक्तातल्या साखरेचा.

अमरावतीत राजापेठेजवळ माझी छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. रक्त मीच काढतो, रिपोर्टही मीच छापतो. सर मला शाळेत गणित शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर दर तीन महिन्यांनी ते माझ्याकडे तपासणीला यायचे, सोबत काकू असायच्या. अकरा वर्षं मधुमेह होता आणि त्या अकरा वर्षांत उपाशीपोटीची साखर एकदाही एकशे दहाच्या वर गेली नव्हती. असा पेशंट मिळाला तर डॉक्टर त्याचा फोटो भिंतीवर लावतील. माझ्याकडे बाकीचे लोक दोनशे-अडीचशेचे आकडे घेऊन खाली मान घालून जायचे आणि सर एकशे चारचा कागद छातीशी धरून, बोर्डात आल्यासारखे, पायऱ्या उतरायचे.

आता तो अभ्यास कसा व्हायचा ते सांगतो. तपासणी मंगळवारी असली की शनिवारी सकाळपासून सरांच्या घरात कडक शिस्त लागू व्हायची. भात बंद, गोड बंद, बटाटा बंद. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथीची भाजी आणि अर्धी ज्वारीची भाकर, संध्याकाळी ताक. मैदानावर सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. जांभळाच्या बियांची पूड होतीच. कोणीतरी कुंडीत लावायला एक रोपटं दिलं होतं, त्याची दोन पानं चावायची. तीन दिवस हा माणूस असा जगायचा की ऋषींनी येऊन शिकवणी लावावी.

आणि उरलेले सत्त्याऐंशी दिवस?

वाचकहो, तुम्हीही वऱ्हाडातलेच असाल तर मी वेगळं काय सांगू. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत "शुगर आहे" म्हणणाऱ्याच्या पानात वाढपी जिलबी थोडी जास्तच वाढतो. त्याला वाईट वाटू नये म्हणून. सरांच्या पानातली जिलबी तर कधी परत गेली नाही. गिलावड्याच्या, म्हणजे आपल्या दहीवड्याच्या, गाडीवर दह्यावर गोड चटणी "अजून घाल नं बे" म्हणून ओतून घ्यायची, दसऱ्याला बासुंदी, संक्रांतीला तिळाची पोळी वर तूप, आणि यातलं काहीच नसेल त्या दिवशी चहात तीन चमचे. गोळ्या होत्या, पण त्या आठवतील तशा. "औषध काय रोज खाची गोष्ट आहे का?" असं ते गंभीरपणे विचारत. बर्फी रोज खायची गोष्ट आहे का, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

जेवणानंतर दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं असतं. नेहमी जेवतो तसं जेवून यायचं, आणि शांत बसायचं, असा नियम. सर घरून काकूंनी आणलेल्या डब्यातली अर्धी भाकर खायचे आणि ते दोन तास चालत काढायचे. लॅबपासून रेल्वे पुलापर्यंत आणि परत, परत पुलापर्यंत. काकू बाकावर बसून विणकाम करायच्या. दोन तासांनी सर घामाने निथळत आत येऊन बाही दुमडायचे.

"सर, हे जेवण तुमचं नेहमीचं आहे का?" मी एकदा विचारलं.

"परीक्षेत पोरगा नेयमीचा राहते का बे?" ते म्हणाले. "नेयमीसारखा राहिला तर पास होईन का तो?"

शाळेत ज्यांनी आपल्याला गप्प बसवलं त्यांच्यापुढे चाळिशीतही तोंड उघडत नाही.

रिपोर्ट हातात पडला की तो सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत फिरायचा. एकशे चार! लोक पाठ थोपटायचे, पानं चावायला रोपटं मागायचे. आणि त्याच दिवशी संध्याकाळी सर मिठाईच्या दुकानासमोर उभे दिसायचे. परीक्षा संपली होती ना. दहावीची मुलं शेवटच्या पेपरानंतर शाईचे फवारे उडवतात, सर पेढे आणायचे. पेढे पास झाल्याचे, आणि पास झाले होते साखर कमी म्हणून. या हिशेबातली गंमत गणिताच्या शिक्षकाला दिसत नव्हती असं नाही. त्यांना ती फार आवडायची.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. हा माणूस कॉपी पकडण्यात जिल्ह्यात प्रसिद्ध होता. मुलं त्यांना भ्यायची ती छडीमुळे नाही, त्यांच्या डोळ्यांमुळे. दहावीच्या सराव परीक्षेत माझ्या मोज्यातून त्यांनी प्रमेयांची चिठ्ठी काढली होती. मारलं नाही, ओरडले नाहीत. चिठ्ठी वाचली, त्यातली एक चूक लाल पेनाने दुरुस्त केली आणि मला परत दिली. "नापास व्हायचं तं सोताच्या अकलेनं हो," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी घरी जाऊन रडलो होतो, आणि मग खरोखर अभ्यासाला बसलो होतो. आज लॅबच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे ती त्या लाल पेनामुळे, हे मी कोणालाही सांगेन.

तर असे सर. आणि तीन दिवसांच्या अभ्यासाला ते कॉपी मानायला तयार नव्हते.

मग डॉक्टर बदलले. जुने डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि सरांचा नंबर एका तरुण फिजिशियनकडे लागला. त्याने कागदावर नेहमीच्या दोन तपासण्यांखाली तिसरी लिहिली, एचबीएवनसी.

"हे काय नवीन लचांड?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

मी समजावलं. म्हटलं, सर, रक्तातल्या लाल पेशींना साखर चिकटते. पेशी जगते साधारण तीन महिने. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते यात कळतं. उपास करून या, पंगतीतून उठून या, आकडा तोच.

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढून ते अक्षर परत वाचलं. ज्या माणसाने तीन पिढ्यांना सरासरी शिकवली त्याला सरासरीची भीती वाटलेली मी त्या दिवशी पाहिली.

"म्हंजे अचानक तपासनी," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"पोट्ट्याच्या दप्तराची."

उपाशीपोटीची साखर आली एकशे चार. एचबीएवनसी आलं नऊ पॉइंट आठ. सात असलं तरी आम्ही बरं म्हणतो. सरांनी कागद हातात घेतला, दोन्ही आकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि मला जवळ बोलावलं. काकू बाकावर डबा आवरत होत्या.

"दोन कागद कर," ते हळूच म्हणाले. "एकावर हे दोन. दुसऱ्यावर थो एक."

मी केले. आता यात गैर काय होतं? एकही आकडा बदलला नव्हता. छापायचं ते छापलं होतं, फक्त दोन पानांवर. असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि पुढची दोन वर्षं सांगत राहिलो. खरं सांगायचं तर मला मजा वाटली होती. ज्यांनी माझ्या मोज्यातून चिठ्ठी काढली ते माझ्यासमोर खिशात चिठ्ठी लपवत होते. घरी जाऊन मी बायकोला साभिनय सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पहिला कागद डॉक्टरकडे आणि फिरणाऱ्या मंडळींकडे गेला. दुसरा सरांच्या आतल्या खिशात. डॉक्टरने विचारलं तेव्हा सर म्हणाले, तो रिपोर्ट मुंबईला पाठवलाय, यायचाय. डॉक्टरसमोर साठ पेशंट बसलेले. त्याने एकशे चारवर टिक केली आणि पुढच्याला हाक मारली.

पुढच्या वेळी सरांनी केंद्र बदललं. त्यांची मुलगी अकोल्याला असते. तिच्याकडे गेले असताना तिथल्या एका लॅबमध्ये गुपचूप ती तिसरी तपासणी करून आले. अमरावतीचं यंत्र आपल्यावर डूख धरून आहे असा त्यांचा संशय होता. अकोल्याचं यंत्र निघालं जास्त कडक, दहा पॉइंट एक. परत आल्यावर त्यांनी तो कागद मला दाखवला आणि म्हणाले, "तुह्यं यंत्र बरं आहे गड्या." माझ्या यंत्राला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. त्यानंतर ती तपासणी दर वेळी माझ्याकडेच, आणि दर वेळी दोन कागद.

काकूंबद्दल थोडं सांगतो. त्या कमी बोलायच्या. लॅबमधून निघताना सर पुढे पायऱ्या उतरायला लागले की त्या काउंटरपाशी थांबायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या.

"कसा आहे रे बाबू रिपोर्ट? चांगला आहे नं?"

"फर्स्ट क्लास, काकू," मी म्हणायचो.

त्या क्षणभर माझ्याकडे बघायच्या. मग पिशवी उचलून जायच्या. हे दर तीन महिन्यांनी, न चुकता. मला वाटायचं, भोळी बाई आहे, हिच्या जिवाला कशाला घोर.

सर तपासणीला शेवटचं येऊन गेले, त्याच मार्चमध्ये एकदा मी बडनेऱ्याला एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त घ्यायला गेलो होतो. स्टेशनचा पूल चढताना वर मधोमध सर उभे दिसले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पिशवी. अकोल्याच्या गाडीला निघाले होते. शर्ट पाठीला चिकटलेला.

"काय सर, इथे?"

"गाड्या पाहून राहिलो," ते म्हणाले. खाली एकही गाडी नव्हती.

मी पिशवी घेतली. पंधरा पायऱ्या उतरल्यावर ते पुन्हा थांबले, आणि उतरताना थांबलेल्या माणसाकडे गाड्या बघायचं कारणसुद्धा नसतं. मी त्यांना खालच्या बाकावर बसवलं.

"किती दिवसांपासून दम लागतो?"

"वय झालं नं बे. सत्तरीत काय पयाले लावतं का मले?"

"छातीत दुखतं का?"

"नाई. कधीच नाई. दुखलं असतं तं डॉक्टरले सांगतलं नसतं का? मी काय येडा हाव?"

इथे मी एकदा तरी शहाण्यासारखा वागलो. म्हटलं, सर, न दुखणं हीच यातली भानगड आहे. तुमच्या मुलीकडे अकोल्याला खारं पाणी येतं ना? नळाच्या पाइपात आतून पांढरा थर बसत जातो, बाहेरून पाइप नवाच दिसतो, आणि एक दिवस धार करंगळीएवढी होते. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं असंच होतं. बाकीच्यांना अशा वेळी छातीत कळ येते, ते घाबरून दवाखान्यात पळतात आणि वाचतात. मधुमेहात दुखण्याची खबर देणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असू शकतात. कळ येतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, पित्त झाल्यासारखं वाटतं.

सर ऐकत होते. वर्गात एखादा ढ मुलगा अचानक बरोबर उत्तर देतो तेव्हा ते जसे बघायचे तसे माझ्याकडे बघत होते.

"मंग काय कराव म्हन्तं?"

"अकोल्याहून आलात की लगेच डॉक्टरकडे चला. कार्डिओग्राम काढू. आणि ते दुसरे कागद घेऊन चला. सगळे."

"सगळे?" ते दचकले.

"सगळे."

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "आयक. आता नऊ-दहा घेऊन गेलो तं थो पोट्टा मले काय म्हनंन? दोन वर्सं मास्तरनं फसवलं म्हनंन. मले तीन महिने दे. खरा अभ्यास करतो. रोजचा. आठच्या खाली आनतो, मंग सोताच जाऊन दाखवतो त्याले. पुरे कागद."

एवढं बोलून ते हसले. मला त्या हसण्याची दया आली. नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक घरी दाखवत नाही, पुढच्या चाचणीत चांगले मार्क आले की दोन्ही एकदम दाखवू म्हणतो. अशी मुलं सरांनी आयुष्यभर हाताळली होती, त्यांच्या बापांना शाळेत बोलावून घेतलं होतं. स्वतः त्याच बाकावर जाऊन बसले तेव्हा त्यांना बोलावून घेणारं कोणी नव्हतं. खरं म्हणजे होतं. मी होतो.

गाडी आली. मी त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली आणि "तीन महिने नाही सर, आठ दिवस" असं म्हटलं. ते "हाव हाव" म्हणाले.

चार दिवसांनी काकू एकट्याच लॅबवर आल्या. पलीकडच्या दुकानातून गोळ्या घ्यायला आले होते, म्हणाल्या. तसं त्यांच्या घराशेजारीच औषधांचं दुकान आहे.

"यायले हल्ली थकल्यासारखं होते," त्या म्हणाल्या. "जिना चढला का बसून घेतात. रिपोर्ट तं चांगला होता नं रे मागच्या टायमाचा?"

आता बघा, इथे माझ्या हातात सगळं होतं. संगणकावरच्या यादीत नाव काढायचं, पडदा त्यांच्याकडे फिरवायचा, बस. पण सरांनी मुदत मागितली होती. माझ्या सरांनी, माझ्याकडे. त्यांची अब्रू बायकोसमोर मी घालवायची? लाल पेनाने चूक दुरुस्त करणारा माणूस चोर ठरवायचा? हे सगळं माझ्या मनात आलं आणि त्यावर मी फार उदात्त झालो.

"फर्स्ट क्लास होता, काकू," मी म्हणालो. "उन्हाळा आहे, दुसरं काय."

सरांनी खरा अभ्यास केला की नाही, ते मला कधी कळलं नाही. मुलीने नंतर सांगितलं की मे महिन्यात अकोल्याला असताना त्यांनी शेवयांसारख्या सरगुंड्यांवर आंब्याचा रस घ्यायला नकार दिला होता. सगळं घर थक्क झालं होतं. जावयाने आग्रह केला तर म्हणाले, "अभ्यास चालू आहे." त्या आधी किती दिवस चालू होता ते तिला माहीत नव्हतं. मला मात्र तो नकार ऐकून बरं वाटलं नाही, उलट जास्त लागलं. ते पुलावर म्हणाले होते ते खरं होतं.

दोन दिवसांनी दुपारी त्यांना पित्ताचा त्रास झाला. घाम सुटला. मे महिन्यात अकोल्यात घाम कोणाला सुटत नाही? घरातल्या सगळ्यांनाच सुटला होता. कुलर त्यांच्याकडे वळवला, लिंबू-सोडा दिला, कपाळावर ओला रुमाल ठेवला. "छातीत दुखते का बाबा?" मुलीने विचारलं. ते म्हणाले, नाही. खोटं बोलले नाहीत, दुखतच नव्हतं. तासाभराने दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता; कार्डिओग्राम काढून होतो न होतो तोच ते गेले. तिथल्या डॉक्टरने कार्डिओग्राम बघून सांगितलं की याआधीही एक झटका येऊन गेल्याच्या खुणा आहेत. घरात कोणालाच तो कधी आला ते आठवेना. मला बडनेऱ्याचा पूल आठवला, पण तोच होता असं मी तरी कशावरून म्हणू?

तेराव्याला मी गेलो. फिरणारी मंडळी आली होती. "साखर तं कंट्रोलमध्ये होती, एकशे चार," एक जण दुसऱ्याला सांगत होता. "मंग कसं काय झालं?" दुसरा म्हणाला, "हे मशीनचे रिपोर्ट काही खरे नसतात." पंगत वाढली. मी जिलबी नको म्हटलं तर वाढप्याने विचारलं, "काहून, शुगर आहे का?" आणि दोन वाढल्या.

आता सकाळी लॅब उघडताना मला कधीकधी उगाच सरांचा तपासणीचा मंगळवार आठवतो. नवीन पेशंट आला आणि नुसती उपाशीपोटीची साखर मागू लागला की मी त्याच्याशी भांडतो. एचबीएवनसी कर म्हणतो, दम लागतो का विचारतो, सगळं एका कागदावर छापतो आणि घरच्यांच्या हातात देतो. लोक म्हणतात, हा माणूस धंद्यासाठी जास्तीच्या तपासण्या गळ्यात मारतो. म्हणू देत.

दिवाळीनंतर काकू आल्या, मुलीला घेऊन. त्यांची स्वतःची तपासणी होती. मुलगी गाडी लावायला गेली. काकू सरांच्याच खुर्चीवर बसल्या, कारण लॅबमध्ये रक्त द्यायची ती एकच खुर्ची आहे.

"तुयाकडं त्याईचे जुने आकडे असतीन नं?" त्यांनी विचारलं. "थे तीन महिन्यांवाले."

मी हात धुवत होतो, ते धुतच राहिलो. मग येऊन पडदा त्यांच्याकडे फिरवला आणि वाचून दाखवले. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट सहा. दहा. नऊ पॉइंट नऊ. शेवटपर्यंत सगळे. माफी मागायची होती, तिचे शब्द मी कित्येक दिवस जुळवून ठेवले होते, ते काही आले नाहीत. "काकू, माझं चुकलं," एवढंच निघालं.

"मले मालूम होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "कपडे मीच धुतो नं रे त्याईचे. खिशातले कागद मले इंग्रजीत वाचता नाई येत, पन आकडे येतात. बाजूच्या औषधवाल्याले विचारलं मी."

"मग तुम्ही सरांना..."

"माह्यं आयकलं असतं का त्याईनं? चाळीस वर्सांत आयकलं नाई." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "तुह्यं आयकलं असतं. माहा पोरगा लॅबवाला झाला म्हनून साऱ्या गावाले सांगत फिरत. म्हनून दर खेपेले तुले इचारत होती मी. वाटे, आज तरी सांगशीन."

मला रडू आलं. त्यांनी मला तसं थोडा वेळ उभं राहू दिलं. मग ब्लाउजची बाही वर सरकवून हात टेबलावर ठेवला. मी पट्टा बांधला. शीर लगेच सापडली.